सासूबाईंना रात्रभर तंबोरा ऐकू येतो, गल्लीत कुणीच वाजवत नसतं. कुणाला अनुभव आहे का?

मेघना_मिरज

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

सासूबाई ८१ वर्षांच्या. आम्ही मिरजेत राहतो, सतारमेकर गल्ली घरापासून दोन मिनिटांवर. हे मुद्दाम सांगतेय कारण सगळा घोळ तिथेच झाला. दुसऱ्या कुठल्या गावात म्हातारं माणूस म्हणालं की पहाटे तीनला तंबोरा वाजतोय, तर घरचे लगेच सावध झाले असते. आमच्याकडे कुणाला काही वाटलंच नाही. बसलं असेल कुणीतरी वाद्य लावत, सकाळी गिऱ्हाईक येणार असेल, असं म्हणत आम्ही चक्क दोन महिने काढले.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. सकाळी चहा घेताना म्हणायच्या, "कोण गं ते रात्रीचं तंबोरा घेऊन बसतंय? खर्ज उतरलाय त्याचा, कान आहेत का दगड?" साठ वर्षं या गल्लीच्या वाऱ्यावर काढलेली बाई, त्यांना जवारी (तारेचा झणकार) कळते, खर्ज (सगळ्यात खालच्या सुराची तार) कळतो, आम्ही हसायचो. मग एके रात्री अडीचला मला उठवलं. जा म्हणाल्या, त्याला सांग म्हातारी माणसं झोपलीत. मी गॅलरीत गेले. रस्ता चिडीचूप, खाली कुत्रं पाय ताणून झोपलेलं, एक पान हलत नव्हतं. आत येऊन म्हटलं आई कुणी नाहीये, तर म्हणाल्या आत्ता तू दार उघडलंस तेव्हाही चालूच होता की.

त्यानंतर वाढत गेलं. तंबोऱ्याबरोबर एक पुरुषी आवाज यायला लागला, शब्द कळत नाहीत म्हणतात, नुसती आलापी. मग कधी सनई, कधी आरतीच्या टाळ्या, आणि कधी सकाळी आकाशवाणी सुरू व्हायच्या आधीची ती जुनी धून. मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावर जाऊन भांडून आल्या, तुमचा पोरगा रात्रभर स्पीकर लावतो म्हणून. तो पोरगा सहा महिने पुण्यात नोकरीला आहे. त्याची आई रडायला लागली, मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

आता घरात दोन पार्ट्या. नणंद म्हणते बाहेरचं काहीतरी आहे, बघून घ्या. दीर म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय, विसरायला लागतील आता. पण विसरतायत कुठं! भिशीतल्या चौदा बायकांचे हप्ते तोंडपाठ आहेत, कुणी कधी बुडवला तेही. ऐकायला मात्र कमी येतं, ते सात-आठ वर्षांपासून. टीव्ही चाळीसवर असतो आणि आम्हालाच म्हणतात तोंडातल्या तोंडात बोलू नका. चार वर्षांपूर्वी कानाचं मशीन घेतलं होतं, ते कपाटात स्टीलच्या डबीत पडून आहे, शिट्टी मारतं म्हणून.

नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलं तर वय झालं म्हणाले आणि झोपेची गोळी दिली. तिसऱ्या रात्री बाथरूमला जाताना तोल गेला, नशीब मी मागे होते. गोळी बंद केली.

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. एक, दाखवायचं कुणाला, कानाच्या, मेंदूच्या की मानसोपचारवाल्या? आणि दुसरी, जी मला जास्त छळतेय. रात्री त्या माझा हात धरून विचारतात, "तुला येतंय ना गं ऐकू?" नाही म्हटलं की डोळ्यात पाणी येतं, हो म्हणायला जीभ उचलत नाही. काय बोलायचं अशा वेळी?

---

कोथरूडकर_६२

आधी रक्त लघवी करून घ्या. सोडियम, बी१२, थायरॉइड, साखर. माझ्या आईला लघवीचं इन्फेक्शन झालं होतं तेव्हा ती दोन दिवस भिंतीवरच्या मुंग्या मोजत होती, अँटिबायोटिक दिल्यावर साफ बरी. तुमच्याकडचं महिनोन्‌महिने चाललंय म्हणजे तसं नसेल, तरी हे स्वस्तात सुटणारं आहे ते आधी सोडवा.

---

शुभंकर_वास्तु

ताई घराच्या ईशान्येला काय आहे? अशा वेळी पितरांचं काही राहून गेलेलं असतं. पर्सनल मेसेज करा.

---

कोथरूडकर_६२

ईशान्येला कपाट असेल, कपाटात डबी आणि डबीत कानाचं मशीन. तेच राहून गेलंय.

---

डेसिबल_ताई

मेघना, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करणारी, नाशिकला, सतरा वर्षं हेच काम. तुझ्या सासूबाईंसारखे पेशंट मी बरेच पाहिलेत आणि त्यातल्या बहुतेकांनी मला हे सगळ्यात शेवटी, टेस्ट संपवून उठता उठता, दार लोटलेलं आहे ना बघून सांगितलंय. त्यामुळे त्या उघड बोलतायत ही चांगली गोष्ट समज.

याला म्युझिकल इअर सिंड्रोम म्हणतात. नाव भारी आहे, प्रकार त्या मानाने साधा. ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत शंभरात दोन-चार जणांना होतो, बायकांना जास्त, एकट्या शांत खोलीत जास्त. कानात शीळ वाजणं, भिरभिर होणं हे तू ऐकलं असशील, त्याचाच हा थोरला भाऊ. तिथे नुसता सूर असतो, इथे अख्खी मैफल.

का होतं ते सांगते. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा जो भाग असतो त्यात साधारण पंधरा हजार बारीक केसपेशी असतात. जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच, गेलेली परत येत नाही. म्हातारपणी आधी उंच, बारीक आवाजांच्या जातात, म्हणजे स, श, च, फ गळतात आणि अ आ ओ राहतात. म्हणून ही माणसं म्हणतात की ऐकू येतं पण कळत नाही, आणि तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलताय असं त्यांना खरंच वाटतं. आता मेंदूचं कसंय, तो कानाकडून खबर येईपर्यंत हातावर हात धरून बसत नाही, पुढे काय येणार ते स्वतःच भरत जातो आणि कानाकडून आलेल्याशी ताडून बघतो. लग्नाच्या मांडवात अर्धंच वाक्य कानावर पडूनही आपल्याला पूर्ण कळतं ते यामुळेच. पण कानाकडून खबर येणंच आटलं की ताडून बघायला काही उरत नाही. मग तो आपल्याच कोठारातलं काढतो. आणि तुझ्या सासूबाईंच्या कोठारात काय असणार, मिरजेत साठ वर्षं राहिल्यावर? तंबोराच.

हे कुणाच्या मनाचे खेळ नाहीत. २००० साली इंग्लंडमध्ये टिमोथी ग्रिफिथ्स या डॉक्टरांनी बहिरेपण आलेल्या, असंच संगीत ऐकू येणाऱ्या सहा जणांचे मेंदूचे स्कॅन केले. संगीत जेवढं जोरात ऐकू येई तेवढा मेंदूतला चाली, लयी ओळखणारा भाग जास्त कामाला लागलेला दिसला, खरं गाणं ऐकताना लागतो तसाच. कानाकडचा आवाज मेंदूत पहिल्यांदा जिथे उतरतो तो भाग मात्र शांत. दुकान बंद, गोडाऊन चालू. तेव्हा "ऐकू येतंय" म्हणणारं माणूस खोटं बोलत नसतं.

डोळ्यांचंही असंच होतं. १७६० साली शार्ल बोने नावाच्या स्विस माणसाने आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलंय. आजोबा ८९ वर्षांचे, मोतीबिंदूने दिसेनासं झालेलं, डोकं ठणठणीत, आणि त्यांना समोर माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या. त्यांना वेडं कुणी ठरवलं नाही हे त्यांचं नशीब.

दाखवायचं कुणाला? आधी कान-नाक-घसा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी. कानात मळ साठलाय का बघू दे, हसू नकोस, नुसता मळ काढून निम्मं काम झालेलं मी पाहिलंय. मशीन शिट्टी मारतं याचा अर्थ मशीन वाईट असा नाही, कानातला साचा सैल झाला किंवा मळ आडवा आला की आवाज बाहेर निसटून परत माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी होते. चार वर्षांत कानाचा आकारही बदलतो आणि ऐकण्याची पातळीही. नवीन घ्यायच्या आधी तेच साफ करून, नवीन साचा करून, परत सेट करून घे.

आणि त्यांच्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन जा, दुखण्यावरच्या, मेडिकलमधून आपण होऊन आणलेल्यासुद्धा. ट्रॅमाडॉल, जास्त डोसमधलं अ‍ॅस्पिरिन, काही बीपीच्या आणि डिप्रेशनच्या गोळ्या, यांच्याने हे सुरू झाल्याच्या किंवा वाढल्याच्या नोंदी आहेत. पण आपल्या मनाने एकही बंद करू नका, झोपेची सुद्धा. तुम्ही तीनच दिवसांत थांबवलीत म्हणून ठीक, जास्त दिवस घेतलेली एकदम तोडली तर हेच उलट वाढतं.

मेंदूच्या डॉक्टरांकडे कधी? शब्द स्पष्ट ऐकू येऊन कुणी हुकूम सोडतंय, धमकावतंय असं म्हणाल्या तर, नव्याने विसरायला लागल्या, डोकं दुखायला लागलं, फिट आली, एका बाजूची ताकद गेली तर. आणि एक सगळ्यांसाठी: एका कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं तर सोमवारची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. त्यावरची औषधं सुरुवातीच्या दिवसांतच चालतात.

खर्चाचं कुणी विचारेल म्हणून सांगते, मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३पासून हेच काम करतात. आणि उत्पन्न कमी असलेल्या साठीवरच्यांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून मशीन मिळतं, त्याची शिबिरं जिल्ह्याजिल्ह्यात लागतात.

---

नाना_साचेवाला

मेघना बाळ, वरच्या ताईंनी शास्त्र सांगितलं, मी माझी कथा सांगतो. टाईप नातू करतोय, मी सांगतोय, चुका त्याच्या.

मी ७९. सदुसष्ट साली वडिलांच्या ओळखीने परळच्या एका मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागलो, साचेखात्यात. साचेखातं म्हणजे काय ते आता कुणाला कळायचं नाही. शेकडो माग एकदम चालू, शेजारच्याशी बोलायचं तर ओठ आणि हात. आम्ही सगळेच ओठ वाचायचो, घरी आल्यावर बायको म्हणायची ओरडताय कशाला. १८ जानेवारी १९८२ला संप झाला तोपर्यंत पंधरा वर्षं कानावर तेच. संपात नोकरी गेली, कान त्याच्या आधीच गेले होते पण ते कळायला अजून वीस वर्षं लागली.

आता विरारला मुलाकडे असतो. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी भजन ऐकू यायला लागलं. पखवाज, पेटी, टाळ, सगळं. वाटलं बाजूच्या सोसायटीत सप्ताह बसलाय. मी टोपी घातली, निघालो. गेटवर वॉचमन म्हणतो काका कसलं भजन. मला वाटलं हा बिहारचा, याला काय कळतंय. पुढे गेलो, आवाज तेवढाच. मागे आलो, तेवढाच. खरं तर जवळ गेलं की आवाज वाढायला नको का? रिक्षात बसलो आणि शोधायला निघालो. रिक्षा सुरू झाली तसा आवाज बुडाला, सिग्नलला त्याने इंजिन बंद केलं आणि भजन परत वर आलं. तेव्हा मला घाम फुटला. हे भजनी मंडळ माझ्या शेजारीच रिक्षात बसलं होतं.

आणि आवाज ओळखीचा होता. आमच्या चाळीतल्या बुवांचा. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली.

पाच महिने कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मुलाच्या नावावर खोली करायची होती, म्हटलं आता बोललो तर म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं गेलं, सही चालणार नाही. रात्री उशी कानावर दाबून झोपायचो. उशी दाबली की बाहेरचा आवाज कमी होतो, हा होत नाही. ही परीक्षा तुझ्या सासूबाईंना करायला सांग, दोन्ही कानात बोटं घालायची. पण त्यांचं त्यांनाच करू दे, तू परीक्षक होऊन समोर बसू नकोस.

सगळ्यात त्रास कशाचा होता सांगू? गाण्याचा नाही. दोनच ओळी, गोल गोल. तिसरी ओळ येतच नाही. बुवा दुसऱ्या ओळीवर सम (तालाची पहिली मात्रा) गाठणार आणि परत पहिलीवर. दिवसभर. माणूस वेडा होत नाही, पण वैतागून मरतो. शेवटी एक दिवस नातवासमोर मी तिसरी ओळ मोठ्याने म्हटली, चिडून. आणि काय गंमत, आतलं थांबलं. दहा मिनिटं असेल, पण थांबलं. नातू म्हणाला नाना कुणाला गाऊन दाखवताय, तेव्हा सांगितलं. त्याने मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं आणि ती आवाजाची रेघ दाखवली. मी म्हणतोय आत्ता पखवाज चाललाय आणि रेघ सरळ, मेलेल्यासारखी. मी खोकलो की उडतेय, पखवाजाला नाही. ते बघितल्यावर मला भीती वाटायची गेली. बाहेर नाही ना, मग ठीक.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हो म्हणू नकोस. माझी बायको समजूत काढायला म्हणाली हो हो, मला पण येतंय. मी विचारलं कुठली ओळ चाललीये? ती गप्प. त्या दिवशी मला जेवढं एकटं वाटलं तेवढं मागच्या पाच महिन्यांत वाटलं नव्हतं.

---

मेघना_मिरज

नाना, हे वाचून मी ऑफिसात रडले. तो रेघेचा प्रयोग करून बघते. ताई, दुखण्यावरच्या गोळीचं तुम्ही लिहिलंत आणि मी घरी जाऊन त्यांची पिशवी उलटी केली. गुडघ्यासाठी घेतात त्या पाकिटावर ट्रॅमाडॉल लिहिलंय. नवरात्रात सुरू केली होती, मेडिकलवाल्याने "स्ट्राँग देतो" म्हणून दिली. आणि तंबोरा दिवाळीनंतर. आम्ही कुणी जोडून बघितलंच नाही.

---

कार्डिफची_पाहुणी

मी वेल्समध्ये नर्स आहे, केअर होममध्ये. इथे हा प्रकार इतका ओळखीचा आहे की मला गंमत वाटली. इथल्या निक वॉर्नर आणि व्हिक्टर अझीझ या दोन डॉक्टरांनी पंधरा वर्षांत असे तीस म्हातारे पेशंट गोळा करून २००५ साली त्यावर लिहिलं. त्यातल्या दोन तृतीयांश लोकांना काय ऐकू यायचं, तर चर्चमधली प्रार्थनागीतं. लहानपणी दर रविवारी म्हटलेली. वेल्स म्हणजे गावागावात कॉयर असलेला देश, आपल्याकडे भजनी मंडळं तशी. त्यामुळे नानांचे बुवा आणि आजींचा तंबोरा मला अगदी बरोबर वाटतात.

आमच्या एक ९०च्या आजी आहेत, त्यांना ब्रास बँड ऐकू येतो. नवीन मुली विचारतात आजी बँड बंद करायला सांगू का? मला ते पटत नाही, कारण बंद करता येत नाही, मग आजी म्हणतात तू सांगितलं नाहीस. मी विचारते आज कसा वाजवतायत. "बेसूर," म्हणतात, आणि चहा मागतात.

बाकी आपली पिढी म्हातारी झाली की काय ऐकू येणार याचा मी विचार करते. कोरोनातली खोकल्याची कॉलर ट्यून आली तर मात्र मला गोळी घालून टाका.

---

षड्जपंचम

जरा वेगळं बोलतो, मी तंबोऱ्यावर रियाज करणारा माणूस. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात गंधार, म्हणजे सारेगमधला ग, ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. पंचम, दोन जोड, खर्ज एवढ्याच तारा, गंधाराची तार नसतेच, तरी येतो. गुरुजी सांगायचे तो ऐकू यायला लागला की समज कान तयार झाला. आजींचंही मला तसंच काहीसं वाटतं, न छेडलेल्या तारेचा सूर.

---

डेसिबल_ताई

उपमा सुंदर आहे पण एक दुरुस्ती. तुमचा गंधार हवेत खरोखर असतो, खर्जाच्या तारेतच तो पोटात असतो, मायक्रोफोनला पण सापडेल. आजींचा सापडणार नाही. तेवढा फरक ठेवूया, नाहीतर नणंदबाई म्हणतील बघा, सिद्ध पुरुषच आलाय घरात.

पण तुमच्यावरून आठवलं. २०१४ साली न्यूकॅसलच्या गटाने ६६ वर्षांच्या एका गणिताच्या शिक्षिकेचा अभ्यास केला, त्या कीबोर्ड वाजवायच्या आणि बहिरेपणानंतर त्यांना संगीत ऐकू यायला लागलं होतं. त्यांना बाखची विशिष्ट रचना ऐकवली की आतलं संगीत थोडा वेळ दबायचं. म्हणजे मेंदूला खरा, ओळखीचा माल दिला की तो गोडाऊन उघडत नाही. नानांच्या तिसऱ्या ओळीचं तेच असावं. मेघना, आजींना तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून बघ, त्यांना मानवतं का.

---

मेघना_मिरज

लावलं. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "हा मशीनमधला आहे, जवारीच नाही याला. बंद कर. माझा बरा आहे."

---

नाना_साचेवाला

😂 आजी जबरदस्त. (हे नातवाने घातलं.)

---

मेघना_मिरज

दोन महिन्यांनी लिहितेय, बऱ्याच जणांनी मेसेज केले म्हणून.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डाव्या कानातून जो मळ निघाला तो त्यांनी सासूबाईंना दाखवला, सासूबाईंनी पदर नाकाला लावला. ऑडिओग्राममध्ये उजवा कान ६५, डावा ७० डेसिबल. मुलगी समजावून सांगत होती की यांना आपण बोलतो ते जवळजवळ पोचतच नाही, आणि मला आठवत होतं मी किती वेळा म्हटलंय की आई, तुम्ही मुद्दाम करताय. मशीनचा साचा खरंच सैल होता, नवीन केला, सेटिंग बदललं. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाल्या हे काय खरखरतंय. मी शोधलं, तर त्यांच्याच नऊवारीच्या निऱ्या. सात वर्षांत त्यांना स्वतःच्या लुगड्याचा आवाज आला नव्हता.

गुडघ्याची गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद करून दुसरी दिली. मानसोपचारवाल्यांनाही दाखवलं, दिरांचं समाधान म्हणून. त्यांनी भिशीचे हिशोब विचारले आणि हसून सोडून दिलं.

सगळं बंद झालंय असं नाही. सनई आणि आरती गेली. दिवसा मशीन असलं की काहीच नाही. रात्री मशीन काढलं की तंबोरा येतो, पण लांबून, म्हणजे पूर्वी उशाशी होता आता चौकात आहे म्हणतात. पंखा थंडीतही एकवर ठेवतो आणि रेडिओ अगदी बारीक. नानांची रेघ दाखवली, त्या बराच वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या म्हणजे हा माझ्याच घरातला आहे तर.

गल्लीतले एक सतारमेकर काका आहेत, त्यांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले दुपारी आजींना दुकानात पाठवा. आता चार वाजता मशीन लावून जाऊन बसतात तासभर. ते भोपळे घासत असतात, मध्येच जवारी बघायला तार छेडतात आणि या नाक मुरडतात. काका म्हणतात फुकटचा इन्स्पेक्टर मिळालाय. त्या दिवशी रात्री आतला तंबोरा उशिरा सुरू होतो असं माझं निरीक्षण आहे, त्या मान्य करत नाहीत.

खालच्या काकूंकडे एक दिवस आपण होऊन गेल्या, वाटीत तिळाच्या वड्या घेऊन. माफी बिफी काही नाही. पोरगा जेवतो ना नीट पुण्यात, एवढंच विचारलं आणि अर्धा तास बसून आल्या.

आणि रात्री हात धरून विचारलं की आता मी सांगते, आई, मला नाही येत, तुम्हाला येतंय हे मला माहितीय. आज कसा लागलाय? परवा म्हणाल्या, "खर्ज अजून उतरलेलाच आहे. पण पंचम बरा लावलाय मेल्यानं."

---

नाना_साचेवाला

मशीनची बॅटरी कुठल्या नंबरची? केशरी स्टिकरवाली तेरा असेल तर स्टिकर काढल्यावर लगेच घालू नका, दोन-चार मिनिटं हवेत ठेवा, जास्त टिकते. आणि आजींना विचार, त्यांचा तो आलापीवाला सम गाठतो का, की आमच्या बुवांसारखाच आहे.